बल्गेरियाहून आलेली गोष्ट

३ जून १९७० रोजी इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, रॉयल एअर फोर्सच्या हलाव्हिंग्टन विमानतळावर, नील विल्यम्स हा वैमानिक झ्लिन जातीच्या चेकोस्लोव्हाक विमानातून सराव करत होता. पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर हवाई कसरतींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरायची होती आणि विल्यम्स हा ब्रिटिश संघाचा खंदा गडी होता. एका कसरतीतून विमान सरळ करत असताना, जमिनीपासून साधारण हजार फुटांवर, मोठा आवाज झाला, जबर धक्का बसला आणि विमान डावीकडे कलंडत खाली जाऊ लागलं. त्याने पाहिलं तर डावा पंख मुळापासून वर दुमडत चालला होता. एवढ्या कमी उंचीवर पंख गेला की वैमानिकाच्या हाती काही उरत नाही, हे त्या धंद्यातलं सर्वमान्य गणित. तरीही काही मिनिटांनी विल्यम्स त्या मोडक्या विमानातून धडधाकट बाहेर आला. ही हकीकत विमानवेड्या लोकांत पन्नासहून अधिक वर्षं सांगितली जाते आणि बहुधा एका निधड्या छातीच्या माणसाचा पराक्रम म्हणूनच सांगितली जाते. माझ्या मते असं सांगताना तिच्यातला मुद्दाच निसटतो. विल्यम्स वाचला तो आधी कधीतरी कानावर पडलेल्या एका माहितीमुळे. आणि त्याला आठवायचं, तर आकाशात काढलेल्या नक्षीसाठी जितकं आठवायचं, त्याहून जास्त अशी माहिती कागदावर उतरवून पुढच्यांच्या हाती देणारा लेखक म्हणून आठवायला हवं.

आधी त्या पंखाचं काय झालं ते नीट पाहिलं पाहिजे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. विमानाच्या पंखाला आतून एक मुख्य कणा असतो, त्याला स्पार म्हणतात. या स्पारला दोन पट्ट्या असतात, एक वरची आणि एक खालची. विमान नेहमीसारखं उडत असतं तेव्हा हवा पंखांना वर उचलत असते आणि मधलं धड आपल्या वजनाने खाली ओढत असतं. त्यामुळे पंख वरच्या बाजूला वाकू पाहतात. म्हणजे वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. साध्या प्रवासात हा ताण मर्यादित असतो. कसरतींमध्ये मात्र विमान सूर मारून झटक्यात वर उचललं की तोच भार कित्येक पटींनी वाढतो, आणि सरावाच्या एका फेरीत असं अनेकदा होतं. एका मोठ्या झटक्याने न तुटणारा धातू हजारो छोट्या झटक्यांनी थकून तुटतो, हा धडा १९५४ मध्ये कॉमेट या प्रवासी जेट विमानांच्या अपघातांनी सगळ्या जगाला शिकवला होता. विल्यम्सच्या झ्लिनमध्ये डाव्या बाजूची खालची पट्टी अशीच थकून तुटली. आता पंख फक्त वरच्या जोडावर टिकून होता आणि तो जोड दाराच्या बिजागरीसारखा वागत होता. हवेने उचललं की पंख वर दुमडणार, याला इलाज नव्हता.

अशा वेळी कसलेल्या वैमानिकाचा हात आपोआप काय करतो? विमान कलंडत असेल तर ते विरुद्ध बाजूला सरळ करू पाहतो आणि जमीन जवळ येत असेल तर स्टिक मागे ओढून नाक वर घेतो. विल्यम्सनेही पहिल्या क्षणी विमान सावरायचा प्रयत्न केला, पण त्याने पंख जास्तच दुमडू लागला. पडणार हे नक्की दिसल्यावर आग लागू नये म्हणून त्याने इंधनाची तोटीसुद्धा बंद करून टाकली. आणि याच सेकंदांमध्ये त्याला एक ऐकलेली हकीकत आठवली. झ्लिनच्याच एका आधीच्या विमानातून एक बल्गेरियन वैमानिक पाठीवर, म्हणजे उलटा उडत असताना, पंखाच्या वरच्या जोडाचा बोल्ट तुटला होता. उलट्या उड्डाणात सगळंच उलटं होतं, पंख विमानाच्या पोटाकडे वाकू पाहतात आणि ताण वरच्या जोडावर येतो. तो बोल्ट तुटताच त्या विमानाने स्वतःहून गिरकी घेतली, ते सुलटं झालं, आणि सुलटं होताच भार दुसऱ्या बाजूला गेल्यामुळे पंख पुन्हा जागेवर बसला. तो वैमानिक सुखरूप उतरला. विल्यम्सवर आलेला प्रसंग याची बरोबर आरशातली प्रतिमा होती. त्याचा खालचा जोड तुटला होता, तेव्हा सुलट्याचं उलटं व्हायला हवं. विमान जिकडे कलंडत होतं तिकडेच त्याने ते आणखी वळू दिलं, पूर्ण पाठीवर घेतलं आणि स्टिक पुढे ढकलली. धाडकन आवाज होऊन पंख जागेवर बसला. तुटलेल्या पट्टीची दोन टोकं आता एकमेकांवर दाबली जात होती आणि दाब आहे तोवर ती हलणार नव्हती.

पंख बसला, पण तोवर इंजिन बंद पडलं होतं, कारण तोटी त्यानेच फिरवली होती. ती पुन्हा उघडली, इंजिनाने धरलं, आणि उलट्या विमानाने जमिनीजवळून वर चढायला सुरुवात केली. पुढची काही मिनिटं या गोष्टीतला सगळ्यात बोलका भाग आहे आणि नेमका तोच भाग सांगणारे लोक घाईत उरकतात. झ्लिनच्या इंजिनाला उलट्या अवस्थेत इंधन मिळण्याची सोय मोजक्या मिनिटांपुरतीच होती. म्हणजे वर गेलेल्या विल्यम्सजवळ विचाराला वेळ होता, पण बेताचा. पाठीवरच जमिनीला टेकायचं, झाडांचा आधार घ्यायचा की आणखी काही, असे पर्याय त्याने एकेक करून तपासले. शेवटी त्याने ठरवलं की धावपट्टीकडे उलटंच यायचं, अगदी खाली यायचं, आणि शेवटच्या क्षणी विमान सुलटं करायचं. सुलटं होताच पंख पुन्हा दुमडायला लागणार हे त्याला माहीत होतं. प्रश्न एवढाच होता की पंख पूर्ण दुमडायच्या आत जमीन लागेल का. उंची फूटभर चुकली असती तरी हिशेब फसला असता. विमान सुलटं झालं, पोटावर आपटलं, घसरत गेलं आणि थांबलं.

आता या हकीकतीवर घेता येण्यासारखी पहिली हरकत अशी की यात माहितीला उगाच मोठेपणा दिला जातो आहे. हीच बल्गेरियन गोष्ट माहीत असलेले वैमानिक पुष्कळ असतील, पण जमिनीलगत मोडका पंख घेऊन उलटं उडायचं कौशल्य किती जणांकडे होतं? हरकत खरी आहे आणि निम्मी मान्य करायलाच हवी. उलटं उडत धावपट्टीवर नेमकं येणं हे वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम होतं आणि सामान्य वैमानिकाला ते साधलं नसतं. पण कौशल्य आणि निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या काढून पाहाव्यात. जमीन अंगावर येत असताना विमान मुद्दाम उलटं करून स्टिक पुढे ढकलायची, म्हणजे साध्या भाषेत सांगायचं तर नेहमी ज्याने माणूस मरतो तेच करायचं, हा आदेश सरावलेला हात कधीच देणार नाही. उलट हात जितका सरावलेला, तितका तो चुकीच्या दिशेला ठामपणे जाईल. विल्यम्सचं कौशल्य त्याला पहिल्या क्षणी पंख अधिकच दुमडण्याकडे नेत होतं. त्या कौशल्याला दिशा मिळाली ती गोष्ट आठवल्यावर. आणि ती गोष्टही जशीच्या तशी उपयोगाची नव्हती, ती उलटवून घ्यावी लागली. म्हणजे त्याने ती किस्सा म्हणून ऐकली नव्हती, तिच्यातली ताण आणि दाबाची यंत्रणा समजून घेऊन मनात ठेवली होती. आपण ज्याला प्रसंगावधान म्हणतो ते पुष्कळदा अशा आधीच केलेल्या विचाराचं उसनं बळ असतं.

दुसरी हरकत जास्त बोचरी आहे. वाचलेला माणूस आपली कहाणी नंतर जुळवून सांगतो, मधल्या काही सेकंदांत नेमकं काय आठवलं आणि काय आपसूक घडलं हे त्याला तरी कसं कळावं? इतिहास लिहिणाऱ्याने हा संशय ठेवलाच पाहिजे. पण इथे पडताळायला साधनं आहेत. विमान जळून खाक झालं नव्हतं, ते मैदानावर तुटक्या पट्टीसकट पडलेलं होतं आणि तपासणाऱ्यांच्या हाती लागलं. उलटं उडत आलेलं विमान जमिनीवरच्या लोकांनी पाहिलं होतं. पंख उलट्या अवस्थेत का टिकला याचं स्पष्टीकरण बांधकामशास्त्राशी तंतोतंत जुळतं. आणि पराक्रमाची पोथी लिहायची असती तर इंधनाची तोटी बंद केल्याचा भाग कोणीही गाळला असता. स्वतःच इंजिन बंद पाडलं, मग धावपळीत ते आठवून चालू केलं, हे सांगण्यात शोभा नाही, उपयोग मात्र आहे. पुढच्या एखाद्याला अशा वेळी तोटीची आठवण होईल.

ही बल्गेरियन गोष्ट विल्टशरपर्यंत आलीच कशी, हेही पाहण्यासारखं आहे. तो काळ शीतयुद्धाचा होता. बर्लिनच्या भिंतीपलीकडचं विमानशास्त्र हे एरवी गुपितच. पण हवाई कसरतींच्या जागतिक स्पर्धा १९६० पासून सुरू झाल्या आणि त्या आलटून पालटून दोन्ही बाजूंना भरत गेल्या. ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, बिल्बाओ, मॉस्को, पूर्व जर्मनीतलं माग्देबुर्ग आणि मग हलाव्हिंग्टन असा त्यांचा प्रवास आहे. पहिला जगज्जेता लादिस्लाव बेझाक हा चेकोस्लोव्हाकियाचा, झ्लिन उडवणारा. त्याने १९७१ मध्ये बायको आणि चार मुलांना तशाच एका छोट्या झ्लिनमध्ये कोंबून पश्चिम जर्मनीत पळ काढला, यावरून त्या सीमेची कल्पना यावी. सरकारांचे संबंध असे असताना वैमानिक मात्र एकाच हँगरात आपापली विमानं पुसत होते आणि यंत्रातल्या खोडी एकमेकांना सांगत होते. झ्लिन हे विमान पूर्वेकडचं, पण ते उडवत होते दोन्हीकडचे. बोल्ट तुटल्याचं कारखान्याने जाहीर केलं असतं की नाही कोण जाणे, वैमानिकांनी ते एकमेकांना सांगितलं. याच स्पर्धांनी एक लिपीही रूढ केली. होसे लुईस आरेस्ती या स्पॅनिश वैमानिकाने प्रत्येक कसरतीला रेषा, बाण आणि त्रिकोणांची एक खूण ठरवून दिली. सुलट्या उड्डाणाला अखंड रेघ, उलट्याला तुटक. आपला सगळा कार्यक्रम या खुणांत मांडलेला कागद वैमानिक समोरच्या पॅनेलवर चिकटवतो आणि परीक्षकांच्या हाती त्याचीच प्रत असते. जी कला पाच-सहा मिनिटांत हवेत विरून जाते तिला कागदाची एवढी गरज पडावी, हे सुचवणारं आहे.

हे फक्त एका माणसाच्या नशिबाचं प्रकरण नाही, याचा पुरावा विमानविद्येच्या अगदी बाळपणात सापडतो. १९१२ मध्ये विमान गिरक्या घेत खाली पडू लागलं, ज्याला आज स्पिन म्हणतात, की वैमानिक मेलाच असं समजलं जाई, आणि मेलेल्याकडून कोणी काही शिकू शकत नसे. २५ ऑगस्ट १९१२ रोजी सॅलिसबरीच्या माळावर, लार्कहिल इथे, ब्रिटिश नौदलाचा लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क ॲव्हरो विमानात स्पिनमध्ये सापडला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्याने स्टिक ओढली, रडर वळणाच्या आतल्या बाजूला दाबला आणि काहीच झालं नाही. जमीन अगदी टप्प्यात आल्यावर, दुसरं काही उरलं नाही म्हणून, त्याने रडर उलट्या बाजूला पूर्ण दाबला. गिरकी थांबली आणि विमान उडू लागलं. इथवर ही नशिबाची गोष्ट. पुढचं जास्त महत्त्वाचं. उतरल्यावर त्याला जाणत्यांनी घेरलं, कुठला पाय, कुठला हात, कधी, असं खोदून विचारलं, आणि हे सगळं ‘फ्लाइट’ या साप्ताहिकात सविस्तर छापून आलं. पार्क त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्याच एका अपघातात गेला. त्याच्याबरोबर ती युक्ती गेली नाही, कारण ती छापलेली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लिंडेमन या भौतिकशास्त्रज्ञाने स्वतः विमान शिकून, फार्नबरोला ते मुद्दाम स्पिनमध्ये घालून, मोजमापं घेतली आणि त्या अनुभवाला शास्त्राचं रूप दिलं. आज शिकाऊ वैमानिकाला स्पिनबद्दल जे सांगितलं जातं ते असं दोन-तीन टप्प्यांत माणसाच्या हाती आलं आहे.

विल्यम्स याच परंपरेतला. तो हवाई दलातून आला होता आणि चाचणी वैमानिक म्हणून तयार झाला होता, त्यामुळे विमानाने काय केलं हे नेमक्या शब्दांत टिपून ठेवणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. बेडफर्डशरमध्ये ओल्ड वॉर्डन इथे शटलवर्थ संग्रह आहे, तिथली पहिल्या महायुद्धाच्या काळातली आणि त्याआधीचीही विमानं अजून उडवली जातात. ती उडवणाऱ्यांमध्ये विल्यम्स होता. यातल्या कित्येक विमानांना रोटरी इंजिन असतं, म्हणजे मधला दांडा स्थिर आणि पंख्याबरोबर सगळे सिलिंडरच गरगर फिरणारे. त्यात वंगण म्हणून एरंडेल घालतात आणि ते जळून, उडून, वैमानिकाच्या तोंडावर येतं. वेग कमी-जास्त करायला आपल्या ओळखीचा थ्रॉटल नाही. स्टिकवरचं बटण दाबून ठिणगी तोडायची, सोडून पुन्हा द्यायची, आणि जास्त वेळ तोडून ठेवली तर न जळलेलं इंधन साठून आगीचा धोका. फिरत्या वजनामुळे विमान एका बाजूला वळवलं की नाक वर जातं, दुसऱ्या बाजूला वळवलं की खाली. ज्यांना हे रोजच्या सवयीने कळत होतं ती पिढी विल्यम्सच्या काळात संपत आली होती. अशा विमानाचं नुसतं प्रदर्शन करून लोकांना सुखावणं वेगळं आणि ते हाताला कसं लागतं, कुठे दगा देतं, हे शब्दांत उतरवणं वेगळं. १९७५ मध्ये त्याचं ‘एरोबॅटिक्स’ हे पुस्तक आलं आणि कसरती शिकणाऱ्यांचं ते पाठ्यपुस्तकच झालं. १९७७ चं ‘एअरबोर्न’ वेगवेगळ्या विमानांच्या आणि उड्डाणांच्या हकीकती सांगतं. पहिल्याची रीत मास्तराची आहे आणि दुसऱ्याची गप्पांची, पण दोन्हीकडे तपशिलाची भूक सारखीच.

या पुस्तकांवर घेतली जाणारी हरकत मात्र गंभीर आहे आणि ती आपल्याला जवळची वाटेल. कसरतींचं पुस्तक लिहिणं म्हणजे हौशी माणसाच्या हातात आगपेटी देणं नाही का? २३ जून १९८० रोजी संजय गांधी दिल्लीच्या सफदरजंग विमानतळाजवळ पिट्स या कसरतींच्या विमानात कोसळून गेले, त्यांच्याबरोबरचे वैमानिक कॅप्टन सुभाष सक्सेनाही गेले. विमान खास कसरतींसाठीच घडवलेलं होतं, पण खाली जमीन जवळ होती आणि चुकीला जागा उरली नव्हती. हे असले प्रकार लिहून-वाचून पसरवायचे कशाला, असं कोणालाही वाटेल. पण इतिहास उलट सांगतो. माणसांनी कसरती पुस्तकं वाचून सुरू केल्या नाहीत. १९१३ मध्ये कीव्हला प्योत्र नेस्तेरोवने पहिला लूप मारला तेव्हा त्याच्यासमोर कोणतंही पुस्तक नव्हतं, आणि सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्याला शिक्षाच झाली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आदोल्फ पेगूने उलटं उड्डाण करून दाखवलं आणि मग सगळ्या युरोपात त्याची चढाओढ लागली. मोह आधीपासून होता. पुस्तकाने आणला तो क्रम. आधी उंची घ्या, स्पिनमधून बाहेर यायला शिका, एकेक कसरत उंचावर पक्की करा, आणि खाली येण्याचा विचार फार नंतर, तोही पायरीपायरीने, अशी शिकवण या विद्येत रुजली ती विल्यम्ससारख्यांच्या लिखाणामुळे. ज्याला नियम मोडायचेच आहेत त्याला पुस्तक थांबवत नाही हे खरं. पण पुस्तक नसतं तर त्याला मोडायला नियमही नसते आणि नियमाने वागू पाहणाऱ्याला वागायला काही नसतं.

प्रेक्षणीय उड्डाणांत माणसं मरतात, हेही नाकारण्यात अर्थ नाही. ६ सप्टेंबर १९५२ रोजी फार्नबरोच्या प्रदर्शनात जॉन डेरीचं डी एच ११० विमान हवेतच मोडलं, डेरी आणि त्याचा निरीक्षक गेलेच, शिवाय गर्दीतली २९ माणसं गेली. त्यानंतर ब्रिटनमध्ये गर्दीपासूनचं अंतर, उंची आणि दिशा यांचे नियम कडक झाले. आपल्याकडे मरीन ड्राइव्हवर सूर्यकिरणची विमानं समुद्राच्या बाजूने जातात आणि लोक कठड्यावर बसून पाहतात, ती आखणी कोणाला सहज सुचलेली नाही. अशा अपघातांच्या तपासण्यांचे कागद साठत गेले, त्यांतून ती आली आहे.

सगळ्यात अवघड हरकत विल्यम्सच्या मृत्यूने घेतली. डिसेंबर १९७७ मध्ये तो स्पेनमधून एक जुनं दुइंजिनी बॉम्बर विमान इंग्लंडला आणायला गेला होता. हे विमान म्हणजे जर्मन हाइंकेल १११ चीच स्पेनमध्ये बांधलेली आवृत्ती, त्याला ब्रिटिश मर्लिन इंजिनं बसवलेली. माद्रिदहून निघाल्यावर ते उत्तरेकडच्या डोंगररांगेत आदळलं. विल्यम्स, त्याची पत्नी लिन आणि सोबतचे सगळे गेले. त्या उड्डाणात कसरत नव्हती, प्रेक्षक नव्हते, परीक्षक नव्हते. एक विमान एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचं, एवढंच काम होतं. मग या माणसाच्या ज्ञानाचा, आठवणीचा, पुस्तकांचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. काही जण याचं उत्तर नियती वगैरे शब्दांनी देतात आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. दुसरे म्हणतात की धाडसी माणसाचा शेवट असाच व्हायचा. हे तर सरळ चूक आहे, कारण हिवाळ्यात डोंगराळ भागातून जुनं विमान नेणं यात तशा धाडसाचा संबंध नाही, असलाच तर धोका कमी लेखण्याचा असेल. मला वाटतं, हा मृत्यू वर मांडलेला मुद्दा खोडत नाही, त्याची हद्द आखतो. साठवलेलं ज्ञान माणसाला सगळीकडून झाकत नाही. जो धोका आधी कोणी अनुभवून सांगितला आहे, आणि जो ओळखायला त्या क्षणी वाव मिळतो, तिथेच ते कामी येतं. १९७० मध्ये पंखाने विल्यम्सला दाखवून दिलं की काय चाललं आहे, आणि त्याला आठवायला काही सेकंद मिळाले. डोंगर असा वेळ देईलच असं नाही. पार्कची गोष्टही हेच सांगते. स्पिनमधून कसं सुटायचं हे जगाला दाखवणारा माणूस चार महिन्यांत वेगळ्याच कारणाने गेला. तेवढ्यावरून त्याने दाखवलेली वाट निरुपयोगी ठरली असं कोणी म्हणत नाही, कारण पुढे ती इतर अनेकांच्या पायाखाली आली.

म्हणून विल्यम्सची स्मृती जागवताना फक्त हलाव्हिंग्टनचा थरार सांगणं मला अपुरं वाटतं. थरार एकाच दिवसाचा आणि एकाच माणसाचा होता. त्याला वाचवणारी माहिती मात्र कारखान्याच्या अहवालातून नव्हे, एका वैमानिकाने दुसऱ्याला सांगितलेल्या गोष्टीतून आली होती. तोंडी आल्यामुळे ती त्याच्यापर्यंत पोहोचली नसती तर काय झालं असतं याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. विल्यम्सने आपलं ज्ञान असं नशिबावर सोडलं नाही, ते लिहून ठेवलं. ज्यांनी त्याची उड्डाणं प्रत्यक्ष पाहिली ते आता म्हातारे झाले आहेत आणि त्या उड्डाणांची जी काही चित्रफीत उरली आहे ती त्या कौशल्याची पुसट खूण आहे. ‘एरोबॅटिक्स’ मात्र त्याच्यामागे पुन्हा पुन्हा छापलं गेलं, आणि त्याला एकदाही न पाहिलेल्या वैमानिकांनी त्यातून कसरती शिकून घेतल्या.